रुपयात आणा तेल

...तर धुरपता त्या खोक्यावरून उठलीच नाही. काल मी इथंच थांबलो होतो, जेवायची हाक आली म्हणून. आज जे नवीन येऊन बसले त्यांच्यासाठी मागचं दोन शब्दांत सांगून टाकतो. माझं दोन शब्दांत कधी आटपत नाही, हे घरच्यांना ठाऊक आहे, नव्यांनाही कळेलच.

गोष्ट सत्तावन्न सालच्या वैशाखातली. आमचं गाव आर्वी तालुक्यातलं, धाम नदीच्या काठचं. संत्र्याची कलमं करणारी आम्ही बारा-तेरा घरं. सगळ्यांनी मिळून सोसायटी काढली होती आणि सोसायटीला शेतकी खात्याकडून पाण्याचं एक लहानसं पेट्रोल इंजिन मिळालं होतं. दोन गड्यांनी उचलावं एवढंच. पण दोरी गुंडाळून हिसका दिला की असं किंचाळायचं, की पलीकडच्या थडीवरची बैलं चरायची थांबत. डोहातलं पाणी नळीनं वर वाफ्यांत यायचं. त्या पाण्यावर आमची अडीच हजार कलमं. त्यातली दोनशे माझी, म्हणजे मी काही नुसता बघ्या नव्हतो.

इंजिनावर पहिल्यांदा ठेवला होता जंगू मडावी. सरळ, मेहनती माणूस, पण पेट्रोलच्या वासानं त्याला घेरी यायची. तिसऱ्याच दिवशी वाफ्यात आडवा झाला. त्याची बायको धुरपता भाकर घेऊन आली होती. तिनं नवऱ्याला ओढत सावलीत नेलं, तोंडावर पाणी मारलं, आणि परत येऊन कंबरेला पदर खोचून इंजिनाची दोरी ओढली. पहिल्या हिसक्याला सुरू! जंगू सावलीतून गोंडीत काहीतरी ओरडला. तिनं तिथूनच एका शब्दात उत्तर दिलं आणि तो गप्प झाला. काय म्हणाली ते मी पुढं कैकदा विचारलं, दोघंही नुसते हसायचे. त्या दिवसापासून जंगू वाफ्याला पाणी लावू लागला, आणि धुरपता इंजनवाली झाली.

आता या इंजिनाची खुबी ऐका. आर्वीचे भैय्याजी मिस्त्री ते बसवून द्यायला आले होते. त्यांनी तिला समजावून सांगितलं, "बाई, मोटारगाडीच्या इंजनात तेल अलग राह्यते. हे लहान इंजन तसं नाई. याचं तेल याच्या जेवणातच टाका लागते. पेट्रोल सोळा भाग, तेल एक भाग. ध्यानात कसं ठेवशीन?"

"रुपयात आणा," धुरपता म्हणाली.

भैय्याजी मांडीवर थाप मारून हसले. खरंच की! सोळा आण्यांचा रुपया. रुपयाभर पेट्रोल, आणाभर तेल. त्यांनी तेच शब्द कोळशानं, इंजिन ज्यातून आलं त्या लाकडी खोक्यावर लिहिले, तिला वाचता येत नव्हतं तरी. जंगूनं बांबूचं एक नळकांडं कापून दिलं. ते भरून सोळा वेळा पेट्रोल, एकदा तेल. मोजताना दर नळकांड्याला ती एक चिंचोका बाजूला ठेवायची. कोणी मध्येच बोललं तर सगळे चिंचोके परत गोळा करून पहिल्यापासून मोजायची, आणि बोलणाऱ्याकडं असं बघायची की तो पुन्हा तिकडं फिरकायचा नाही. मी एकदा "पाऊस येईन का वं?" एवढंच विचारलं होतं.

लोकांनी तिला काय कमी त्रास दिला? बंडूजी तेली जवसाचं तेल घेऊन आला, म्हणे आपल्या घाण्याचं आहे, ताजं आहे. "भाजीत टाक," ती म्हणाली. कोणी म्हणे अर्धं घासलेट घाल, स्वस्तात पडते. कोणी नागपूरच्या प्रदर्शनातून डांबरगोळ्या आणल्या. पेट्रोलात विरघळवल्या की म्हणे इंजिनात घोड्याची ताकद येते. धुरपतानं एक गोळी हुंगली आणि परत दिली. "आपल्या पेटीत ठेवा जी, लुगड्याले कसर लागणार नाई. इंजनाले लुगडं नाई."

आणि मग त्या सालच्या एप्रिलात सरकारनं नवे पैसे आणले.

सोसायटीचे सेक्रेटरी होते रूपराव. सातवी शिकलेले, कोटाच्या खिशाला फाउंटन पेन, आणि सरकारचं कुठलंही नवं पत्रक आलं की ते आपल्यालाच उद्देशून लिहिलं आहे असं समजणारे. एक दिवस ते डोहावर आले. खोक्यावरचे शब्द वाचले आणि पेन काढून म्हणाले, "हे आता बेकायदा आहे."

"काय जी?"

"आणा बंद झाला. आता रुपयात शंभर नवे पैसे. पत्रक आलं. म्हणजे पेट्रोल शंभर भाग, तेल एक भाग. असाही तू तेलाचा नुसता धूर करून राह्यली."

धुरपतानं हातातले चिंचोके खाली ठेवले. "सेक्रेटरीसाहेब, काल बाजारात गेलती मी. मिरचीवालीनं आण्याच्या मिरचीचे सहा नवे पैसे घेतले. एक पैसा देल्ला तर तिनं मिरची देल्ली असती का शिव्या?"

आम्ही चार-पाच जण तिथं होतो. हसू आवरेना. मीच सगळ्यात मोठ्यानं हसलो, आणि मला वाटतं तिथंच घोडं अडलं. एकटे असते तर रूपराव कदाचित समजले असते. चारचौघांत हसं झालेला शिकलेला माणूस मागं फिरत नाही.

"तू शिकवशीन मले हिशेब?" ते कडाडले. "उठ तिथून. तेलाचा डबा काढ."

डबा त्या खोक्यात. आणि धुरपता त्या खोक्यावर बसली ती उठलीच नाही. "तुमच्या हातानं ह्याच्यात टाकान तर टाका," ती म्हणाली, "माह्या हातानं नाई. माह्या डब्यातलंही नाई."

रूपरावांनी घरून दुसरा डबा मागवला, दुसरं तेल मागवलं. शंभराला एक. स्वतः दोरी ओढली. सहा हिसक्यांत पेनचं टोपण डोहात गेलं, सातव्या हिसक्याला इंजिन सुरू झालं. आणि तुम्हाला खरं सांगतो, काय सुंदर चाललं! धूर जवळजवळ नाहीच. आवाज स्वच्छ, खणखणीत. पाणी जरा जास्तच यायला लागलं असंही कोणी म्हणालं. रूपराव धोतराचे डाग झटकत आमच्याकडं बघत होते. मलासुद्धा वाटलं, हरली बाई. मी तिला हळूच म्हणालोही, "धुरपता, चालून राह्यलं वं."

"ऐका भाऊ," ती म्हणाली. "ते कोरडं चावून राह्यलं."

मी कान दिला. मला काही ऐकू आलं नाही. पण दुपारच्या उन्हात, पाऊण घटका गेली असेल नसेल, तो आवाज बारीक होत होत चिरका झाला, एकदा किर्र केलं, आणि इंजिन थांबलं. दोरी ओढली तर चाक हलेना. रूपरावांनी हात लावला आणि बोटं तोंडात घातली.

पुढचे नऊ दिवस अख्खं गाव हंड्या-घागरींनी पाणी वाहत होतं. बाया, बाप्ये, सगळे. माझ्या दोनशेतली ऐंशी कलमं वाळली. ती गेली हो, पण आजही डोळ्यांपुढं उभी आहेत. भैय्याजी आर्वीहून आले, इंजिन खोललं, आतल्या दट्ट्यावरचे चरे सगळ्यांना दाखवले. "तेल नाई भेटलं याले," एवढंच म्हणाले. तीन दिवस भिजवून, घासून त्यांनी ते कसंबसं सोडवलं.

इंजिन सुटलं, पण खात्याचं पत्र आलं: बिघाडाचं कारण कळवा, नाहीतर इंजिन परत न्यावं लागेल. म्हणून चावडीवर बैठक भरली. रूपरावांनी कागद लिहूनच आणला होता आणि मोठ्यानं वाचला: इंजिन चालविणाऱ्या निरक्षर बाईने तेलाचे प्रमाण चुकविल्यामुळे बिघाड झाला. खाली अंगठ्यासाठी जागा सोडली होती.

मी उठून म्हणालो, हे खोटं आहे, आम्ही सगळे तिथं होतो. दोघं-तिघं माझ्या बाजूनं बोलले. बाकीचे जमिनीकडं बघत होते. त्यांचं तरी काय चुकलं? सेक्रेटरीवर ठपका आला तर खातं सोसायटीच मोडेल अशी भीती; आणि इंजिन गेलं तर उरलेली कलमंही जाणार.

पाटील अण्णाजी मनानं मऊ माणूस. भांडण दिसलं की त्यांना घाम फुटायचा. ते धुरपताजवळ जाऊन बसले, जंगूलाही जवळ बोलावलं. "बाई, समजून घे," ते म्हणाले. "कागद नागपूरले जाईन, फायलीत पडीन, कोणी पाहणार नाई. इंजन तुह्याच हाती राहीन, उद्यापासून तूच चालव. अंगठा नाई देल्ला, तर रूपरावजी दुसरा माणूस ठेवतो म्हणतात. हे इंजन तुले लेकरासारखं हाये, मले काय माहीत नाई? अन् अंगठ्याची शाई काय, धुतली का गेली."

शाईची डबी मध्ये उघडी होती. जंगूनं बायकोकडं पाहिलं आणि आपला हात पाठीमागं घेतला, जणू त्याचाच अंगठा मागितला होता. धुरपतानं कागद हातात घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला, अण्णाजींच्या मांडीवर नीट ठेवला आणि उभी राहिली. त्या दिवशी ती जे बोलली ते मला अक्षर न् अक्षर पाठ आहे:

"माह्या अंगठ्यावरची शाई जाईन अण्णाजी, कागदावरची कोण धुईन? मले वाचता येत नाई, म्हणून का काही लिहान? ज्यानं टाकलं त्याले सही येते, पेनही हाये, त्यानं करावं. दुसरा माणूस ठेवता तर ठेवा, पण इंजन म्या जाळलं असं म्या म्हणणार नाई, इंजन गेलं तरी नाई, गाव गेलं तरी नाई. अन् उद्या पाणी पाह्यजे असन, तर सकाळी मले हाक मारा. तेल मीच टाकीन, अन् मोजताना मंधात कोणी बोलू नोका."