पात्यांवरची पांढरी पूड

माझ्या दादाने आठ महिने घरात शॅम्पू येऊ दिला नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, डॉक्टरांनी सांगितलं असेल. तसलं काही नाही. दादा सांडपाण्याच्या केंद्रावर टर्बाइन चालवतो, आणि अशा माणसाच्या घरच्यांनी डोकं शाबूत राहायची आशा सोडावी.

तिथे शहराचा मैला बंद टाक्यांत कुजतो, त्यातून गॅस निघतो आणि त्यावर हे कपाटाएवढं यंत्र फिरतं. वीज पंपांना जाते. धुराच्या उष्णतेवर पाणी तापतं, ते पाइपातून शेजारच्या इस्पितळाच्या लाँड्रीत, म्हणजे माझ्याकडे येतं. "शहराने टाकलं त्यावरच शहराच्या चादरी धुतो आपण," हे दादा प्रत्येक पाहुण्याला ऐकवतो. तेही जेवताना.

गेल्या वर्षी पात्यांवर पांढरी पूड धरायला लागली आणि टर्बाइन दोनदा बंद पडलं. साहेबांनी सरळ सांगितलं, "तिसऱ्यांदा पडलं तर भंगारात. डिझेलचा जनरेटर आणू." दादाने ते यंत्र बारा वर्षं लेकरासारखं सांभाळलंय. त्याची झोप उडाली. मग पूड तपासणाऱ्या केमिस्टने सांगितलं की ही पूड सिलिकोनची. शॅम्पूत असतं, क्रीममध्ये असतं. मोरीतून गटारात, गटारातून गॅसमध्ये जातं आणि जळलं की त्याची वाळू होते.

झालं. दादाने त्याच संध्याकाळी वहिनीची बाटली उचलली. वहिनीचे केस कमरेच्या खाली.

"अहो, माझ्या एका बाटलीने शहराचं काय होणारे?"

"थेंबे थेंबे तळे साचे," दादा म्हणाला.

मग त्याने इमारतीतली दारं ठोठावली. तळमजल्यावरच्या मास्तरीणबाईंना तुम्ही तोंडाला काय लावता असं विचारलं. त्या अजून माझ्याशीसुद्धा बोलत नाहीत. गॅस गाळायचा कोळसा दर पंधरा दिवसांनी बदलला, तरी पूड आपली येतच राहिली. शेवटी साबणाने राठ झालेले केस वहिनीने मानेपर्यंत कापून टाकले आणि महिनाभर नवऱ्याशी भाजी-मिठापुरतंच बोलली. मी दोघांच्या मध्ये निरोप पोचवून थकले.

मग एक दिवस लाँड्रीत फेस मारायच्या औषधाचे नवे डबे आले. जुन्यांवर नुसता नंबर असायचा, यांच्यावर आत काय आहे ते छापलेलं. पहिलाच शब्द सिलिकोन.

मी तिथेच चादरींच्या ढिगावर बसले. हे औषध मी वर्षभर रोज दोन लिटर गटारात ओतत होते, आणि तेही का, तर दादाच तणतणत आला होता, "तुझ्या साबणाचा फेस माझ्या टाक्यांवर चढतो, काहीतरी कर." काखेत कळसा आणि गावाला वळसा.

खरं सांगते, गुपचूप ओतणं थांबवावं असं मनात आलं. कुणाला कळलं नसतं. पण वहिनीची उघडी मान आठवली आणि मी डबा घेऊन केंद्रावर गेले.

दादाने तीनदा वाचलं. "हे मीच सांगितलं होतं ना तुला?"

"हो."

त्याने डबा खाली ठेवला. "बंद कर ते. फेस मी काढेन."

दोन महिने तो लांब दांड्याचं फावडं घेऊन टाक्यांवरचा फेस ओढत होता. साठीला आलेला माणूस, पाठ धरली तरी ऐकेना. मग साहेबांनी पाती उघडून बघितली. स्वच्छ. टर्बाइन राहिलं.

त्या संध्याकाळी दादाने दुकानातली सगळ्यात मोठी शॅम्पूची बाटली आणून वहिनीपुढे ठेवली. वहिनीने ती उचलून वजन बघितलं, दुसरा हात मानेवरून फिरवला.

"आता वर्षभर पुरेल," ती म्हणाली.