काळ्या साड्यांपुढे थांबणारा पिंट्या

हळदीकुंकवाचं बोलावणं आमच्या मजल्यावरच्या सगळ्या दारांना मिळालं, ममताचं दार तेवढं वगळलं. तिचा नवरा यतीन गेल्याला वर्ष झालं होतं. बोलावत फिरणाऱ्या सुरुचीला मी जिन्यातच गाठलं, तर म्हणे, "सुलूताई, रीत असते ना!" माझं डोकंच फिरलं.

ममता मात्र शांत होती. "मग मीच करते. सगळ्यांना बोलावते. माझ्या हातचं कुंकू नको असेल ना, पिंट्याच्या ताटातलं घ्या म्हणावं."

पिंट्या म्हणजे तिचा रोबो, स्टीलच्या ताटाखाली चार चाकं. ममता हाटकेशच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात सोल्डरिंग करते आणि घरी येऊन पुन्हा तेच करते. यतीन हसायचा, पण स्क्रू धरून बसायचा.

बाईच्या पायाशी थांबायचं, एवढंच पिंट्याला कळायला हवं होतं. आधी लावला तो सेन्सर आवाजाच्या लहरी पाठवून, त्या परत येण्यावरून अंतर मोजायचा. साडीच्या निऱ्यांत तो आवाज जिरून जायचा. मग इन्फ्रारेड लावला, तो न दिसणारा प्रकाश टाकून परत आलेला ओळखतो. माझ्या फुलाफुलांच्या गाऊनपुढे पिंट्या शहाण्यासारखा थांबायला लागला. आम्ही खूश.

हळदीकुंकवाच्या दिवशी दुपारी मी नटून तिच्याकडे गेले. पिंट्या आला आणि थेट माझ्या पायावर आदळला. हळद लादीवर, कुंकू माझ्या निऱ्यांवर.

"सुलू, तू काळी साडी नेसलीयस!" ममता कपाळावर हात मारून म्हणाली. "काळ्यावरून प्रकाश परतच येत नाही गं."

संक्रांतीचं हळदीकुंकू, येणारी प्रत्येक बाई काळ्यातच येणार! जन्मभर आम्ही दोघी हेच नेसत आलो आणि ऐन वेळी अक्कल गहाण ठेवली.

"जाऊ दे, ताट तूच फिरव," मी म्हटलं.

"म्हणजे त्यांना नको म्हणायला कारण मिळेल. नाही फिरवणार!"

तिने डब्यातून एक खटक्याचं बटण काढलं, खराट्याचा हीर ओढला आणि मांजराच्या मिशीसारखा पुढे बांधला. हीर टेकला की बटण दाबलं जाणार, चाकं बंद.

संध्याकाळी बायका आल्या. सुरुचीही आली, गंमत बघायला. पिंट्या पहिला थांबला तिसऱ्या मजल्यावरच्या हंसाबेनपुढे. त्यांचे मिस्टर जाऊन बरीच वर्षं झाली.

"मुझे भी?" त्या गोंधळल्या.

"अहो, त्यांना कसं..." सुरुची बोललीच.

"सवाष्ण ओळखणारा सेन्सर मिळत नाही," ममता म्हणाली. "मिळाला असता तरी मी लावला नसता."

हंसाबेननी कुंकू उचललं आणि आधी ममताच्या कपाळावर टेकवलं. मला रडू आलं, लपवलं नाही.

मग पिंट्या सुरुचीच्या पायाशी जाऊन थांबला. पुढे हलवायचा रिमोट ममताच्या हातात होता. तिने दाबला नाही. सुरुचीने सगळ्यांकडे पाहिलं.

शेवटी ती वाकली.