काचेवर वाकत गेलेलं माझं रक्त

मंडळी, सातवी शिकलेला माणूस आहे, चुका सांभाळून घ्या.

नात चंद्रपूरला एम.एस्सी. करते. आज मला पोंभुर्ण्याहून हट्टानं तिच्या प्रयोगशाळेत नेलं. बोट टोचून थेंब काचेवर घेतला, त्यात औषध मिसळलं.

"आता पाहत राहा, आबाजी. मले इथी घरापेक्षा जास्त करमते!"

सूक्ष्मदर्शकात माझ्या रक्ताच्या पेशी गोल होत्या. अर्ध्या तासात त्या विळ्यासारख्या वाकू लागल्या. प्रयोग जमला म्हणून नातीनं आनंदानं टाळी वाजवली, आणि मग तिचा चेहरा उतरला.

"आबाजी, हे सिकलसेल आहे, रक्तातला पिढीजात दोष. तुम्हाले काही होत नाई, पण माय-बाप दोघांतही असलं तर लेकराले भोवते. आपल्या घरी कोणाचे हाडं दुखत होते?"

माझी धाकटी मुलगी हाडं दुखतात म्हणून ओरडत गेली. सात वर्षांची होती. शेजारच्या जनाबाईनं करणी केली म्हणत आम्ही त्या बाईला गावाबाहेर काढलं. सगळ्यात मोठा आवाज माझा होता.

परतीच्या बसमध्ये बोटावरचा कापूस काढायची हिंमत झाली नाही. आत अजून काहीतरी वाकतंय असं वाटत होतं.

जनाबाई अजून नाल्यापलीकडे एकटी राहते. उद्या तिच्या दारात जाणार आहे. तिथं पहिलं वाक्य काय बोलू?