माझ्या देशाचं मत

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. सांगणार तरी काय? कॉलेजातला खेळ तो! मुलं एकेका देशाचे प्रतिनिधी होतात, संयुक्त राष्ट्रांसारखे ठराव लिहितात, मतं देतात. खेळात कुणी कुणाचा केसाने गळा कापतं का?

वैशाली आणि मी लिंबायतच्या कामगार वस्तीत एकाच गल्लीतल्या, खानदेशातून आलेल्या घरांतल्या. ती कॉलेजातही बिनधास्त अहिराणी बोलायची. मला तिची लाज वाटायची. हो, लाजच.

ठराव तिचा होता — कडक उन्हात कामगारांना भरपगारी विश्रांती. तिचे वडील इच्छापोरच्या कारखान्यात उन्हाने चक्कर येऊन पडले, तर कंत्राटदाराने त्या दिवसाची मजुरी कापली होती. ठराव मंजूर झाला की दिल्लीच्या स्पर्धेला जाणाऱ्या संघात तिची जागा पक्की होती.

मांडणाऱ्यांत माझंही नाव होतं. पण वेसूच्या बड्या घरांतली मुलं विरोधात होती, आणि त्यांनी मला पहिल्यांदाच कॉफीला बोलावलं — एका कॉफीला विकली गेले मी. मांडणाऱ्याला विरोधात मत देता येत नाही. ठराव चर्चेला यावा म्हणून नुसती सही करणाऱ्याला येतं. सकाळी मी माझं नाव सही करणाऱ्यांत हलवून घेतलं. वैशालीला म्हटलं, तांत्रिक बाब आहे. तिने विचारलंसुद्धा नाही, कसली.

मतदानात माझा देश पुकारला, तेव्हा मी ‘पास’ म्हटलं, म्हणजे मत शेवटी देणार — वारा कुठला, ते बघायला. मतं समसमान पडली. पुन्हा माझा देश पुकारला. वैशालीने माझ्याकडे पाहिलंही नाही, इतकी तिला खात्री होती. मी म्हणाले, ‘विरोध.’

बाहेर तिने विचारलं, "तू इरोधमा मत काबर दिधं व?"

ती मुलं शेजारीच उभी होती. मी हिंदीत उत्तर दिलं — तिला, हिंदीत! "मेरे देश की पॉलिसी है।"

दिल्लीला दुसरंच कुणी गेलं. त्या संध्याकाळी वैशाली तिच्या घरी वडिलांना माझ्यादेखत सांगत होती, "तिनं काय चुकनं? तिना देशच तसा शे." वडील हसले, मला चहा दिला. मी तो प्यायले.

माझ्या वाट्याला आलेल्या त्या देशात उन्हाची भरपगारी विश्रांती कायद्यानेच मिळते. तो कायदा मी आदल्या दिवशीच वाचला होता.