आईच्या काजळाची डबी

वडील कोल्हापुरात बंदुकांची दुरुस्ती करायचे. त्यांनी हाती घेतलेलं शेवटचं काम म्हणजे एका ठासणीच्या बंदुकीला नवा लाकडी दस्ता बसवणं. बंदूक आजऱ्याकडच्या एका शेतकऱ्याची. भातात शिरणाऱ्या डुकरांना पिटाळायला त्याला ती लागे. जुना दस्ता मुठीजवळ फुटला होता, नळी आणि घोडा पाडणारी कळ शाबूत होती. दुकानाचा परवाना महिनाअखेरीस संपत होता. हे काम जमलं तर नूतनीकरण, नाहीतर कुलूप, असं वडिलांनी स्वतःच ठरवलं होतं.

पद्धत अशी: नळीच्या खालच्या अंगाला काजळाचा पातळ हात द्यायचा, ती दस्त्यातल्या खोबणीत दाबायची आणि उचलायची. काळा डाग उमटेल तेवढाच उंचवटा खरवडायचा. नळी सगळीकडे सारखी टेकली की थांबायचं.

हे काजळ आई धरायची. एरंडेलाचा दिवा आणि त्यावर उपडी काशाची वाटी. घरातल्या लेकरांच्या डोळ्यांना आणि बंदुकीच्या नळीला काजळ एकच. ती दीड वर्षापूर्वी गेली होती. मागे राहिलेली डबी पुरवून वापरत वडिलांनी नळी बसवली, बाजूला कळीचं घर कोरलं. नळीवर बार पेटवणारी टोपी बसवायचं जे टोक असतं, त्यावर घोडा बरोबर मधोमध पडत होता. नळी शेवटची एकदा तपासायची राहिली आणि डबी संपली.

"आबा, मी धरू काजळ? वाटी हाय की घरात," मी वडिलांना विचारलं.

"तिच्या वाटीला हात लावू नगंस."

त्यांनी बाजारातून काजळाची कांडी आणवली. ते काजळ मेणासारखं. पातळ पसरत नाही, जाड रेघ राहते. खोबणीत उमटणारा डाग लाकडाच्या उंचवट्याचा नव्हता, काजळाच्या जाडीचा होता. वडील डाग खरवडत गेले. पुढच्या वेळी डाग दुसरीकडे. तोही खरवडला. दुपारी त्यांनी घोडा हलकेच खाली सोडला. तो टोकाच्या कडेवर पडला. कळ जागच्या जागी होती, नळी खाली गेली होती. त्यांनी टोक बोटानं चाचपलं, घोडा पुन्हा सोडला. पुन्हा कडेवर.

शेतकरी आला तो हसतच.

"काय मामा, झाली का न्हाय? डुकरं रोज इचारत्यात."

"बिघडली. नळी खाली गेली."

"मग लाकडाची एक चिपटी सारा की खाली."

"बार उडाला की धक्क्यानं निघंल ती. दस्ता परत फुटंल."

"मग दुसरा करा. मी थांबतो की! पावणा हाय व्हय मी?"

"कशानं बसवू?" वडील म्हणाले.

त्याला कळलं नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं. वडिलांनी नळी आणि कळ पोत्यात गुंडाळून त्याच्या हातात दिली. आला तसा हसत तो गेला नाही.

महिनाअखेरीस दुकान बंद झालं. हत्यारं वडिलांनी तेल लावून पेटीत ठेवली.

त्यानंतर एकदा त्यांना न विचारता मी दिवा लावला, वाटी उपडी ठेवली, काजळ धरलं आणि डबी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चिमटीत घेऊन चोळलं. बोटावर ते पातळ, सारखं पसरलं.

"जमलंय," ते म्हणाले, आणि झाकण लावून डबी मला परत दिली.