इसाकच्या नावावर पेटणारा बॉयलर

पेन्शनवाल्यांच्या रांगेत मी इसाकसाठी जागा धरून उभा होतो. हयातीचा दाखला द्यायचा होता, दोघांनी मिळून जायचं ठरलं होतं, आणि स्वारीचा पत्ता नव्हता. साखर कारखान्याच्या बॉयलरवर आम्ही तीस-बत्तीस वर्षं एकत्र काढली. त्या सगळ्या काळात हा माणूस कधी पाच मिनिटं उशिरा आला नाही. गेल्या वर्षभरातच त्याला सकाळच्या प्रत्येक कामाला उशीर करायची खोड लागली होती. रांगेत घुसू पाहणाऱ्या एका म्हाताऱ्याला मी दोनदा दटावलं, "इथे माणूस आहे, येतोय तो." तेवढ्यात फोन वाजला. इसाकची मुलगी नसरीन होती. मी तिला बोलूच दिलं नाही. "अगं, कुठे अडकलाय तुझा बाप?" म्हणून ओरडलो. पलीकडून ती म्हणाली, "काका, अब्बा गेले." मी विचारलं, "कुठे गेले?" खरंच सांगतो, मी तेच विचारलं. आणि फोन बंद झाल्यावरही त्याची जागा सोडायला माझे पाय तयार होईनात.

दहाच्या सुमारास तो स्कूटरवरून घरी आला, स्कूटर लिंबाखाली लावली, पायरीवर बसला आणि म्हणाला, "नसरीन, पानी दे गं." ती पाणी घेऊन बाहेर आली तर मान भिंतीला टेकलेली. बस, एवढंच. ना आजार, ना दवाखाना, ना कसली तक्रार. आदल्याच दिवशी माझ्या गुडघ्यांवरून त्याने माझी यथेच्छ टिंगल केली होती. दुपारच्या नमाजनंतर त्याला कब्रस्तानात नेलं, मी मूठभर माती टाकली, हात झटकले, आणि सवयीने बाजूला वळून म्हणालो, "चल, चहा घेऊ." शेजारी कोणी तरी अनोळखी माणूस उभा होता. आज महिना उलटून गेला, येत्या आठवड्यात त्याचा चाळिसावा आहे, पण मी अजून त्या धक्क्यातून बाहेर आलेलो नाही. त्यातून सावरण्याआधीच त्याने मला दुसरा धक्का दिला, आणि खरं तर तोच सांगायला हे लिहायला बसलो आहे.

इसाक मूळचा तिसगावचा, मी कोल्हारचा. दोघंही कारखान्यात लागलो ते भट्टीत भुसा लोटायला. बॉयलरचा ताबा कोणालाही देता येत नाही. सरकारी परीक्षा पास झालेला, दाखला असलेला माणूसच तिथे हजर लागतो, असा कायदा आहे, आणि तो असायलाच हवा, कारण वाफ चुकीला दुसरी संधी देत नाही. आम्ही दोघं परीक्षेला पुण्याला गेलो. लेखी कसंबसं झालं. तोंडी परीक्षेला तीन साहेब ओळीने बसलेले. त्यांनी मला विचारलं, "बॉयलरच्या काचेत पाणी दिसत नाही. काय करशील?" मी छाती काढून सांगितलं, "लगेच पंप चालू करून पाणी सोडीन." साहेबाने पेन खाली ठेवलं. तापून लाल झालेल्या रिकाम्या बॉयलरमध्ये गार पाणी सोडणं म्हणजे सगळ्यांना घेऊन वर जाणं, हे मला बाहेर आल्यावर इसाकने समजावलं. त्यालाही तोच प्रश्न होता. तो म्हणाला होता, "साहेब, पयलं म्हंजे मी पळनार न्हाई." साहेब हसले म्हणे. मग त्याने शांतपणे पुढचं सांगितलं, की काच रिकामी आहे की काठोकाठ भरली आहे हे आधी काचेखालचा कॉक, म्हणजे तोटी, उघडून बघीन, कारण दोन्ही दिसायला सारख्याच, आणि रिकामी निघाली तर जाळ काढीन, पाण्याला हात लावणार नाही. तो पास झाला, मी नापास. पुढचे सहा महिने त्याने माझा जो छळ मांडला, त्याला तोड नाही. जेवताना, सायकलवरून जाताना, माझ्या लग्नात हळद लागलेली असताना सुद्धा कानाशी येऊन विचारायचा, "पानी दिसत न्हाई, बोल!" दुसऱ्या खेपेला मी पास झालो तो केवळ त्याच्या तोंडाला कंटाळून.

आमचं भांडण एकदाच झालं, पण चांगलं आठ महिने टिकलं. माझ्या मेहुण्याने शिर्डीत हॉटेलांच्या चादरी धुण्यासाठी वाफेवरची लाँड्री काढली. बॉयलर आला, पण दाखल्याचा माणूस नव्हता. मी नोकरीत होतो, इसाक नुकताच निवृत्त झालेला. मी त्याच्याकडे गेलो आणि अगदी सहज म्हणालो, "तुझा दाखला तेवढा भिंतीवर लावायला दे. काम तिथली पोरं करतील." असं सर्रास चालतं, हे आमच्या धंद्यातल्या कोणालाही विचारा. इसाकने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याच्या घरात चोरी करताना सापडलो होतो. म्हणाला, "कागद पानी बघनार हाय व्हय रं?" मी म्हणालो, अरे, लहानसा तर बॉयलर आहे. "ल्हान बॉयलर ल्हान फुटतो का?" मी तरातरा निघून आलो. मेहुण्यापुढे माझी शोभा झाली ती झालीच. आठ महिन्यांनी इसाक पिशवीभर सीताफळं घेऊन दारात उभा राहिला आणि जणू काल भेटलो होतो अशा थाटात म्हणाला, "पिकल्यात. आजच खा." विषय तिथे मिटला, निदान मला तसं वाटलं.

त्याला माती देऊन तिसऱ्या दिवशी मी नसरीनकडे गेलो होतो. चहा देताना ती म्हणाली, "काका, तुम्हाला तर जास्तच चुकल्यासारखं होत असेल. रोज सकाळी सहाला तुमच्याकडेच यायचे ना अब्बा!" माझ्याकडे? माझ्याकडे तो रविवारी यायचा, तोही दुपारी. सकाळी कुठे असतोस विचारलं की म्हणायचा, नातवाला शाळेत सोडतो. तोंडात आलेलं मी गिळलं आणि "हो" म्हणालो. घरी येताना मनात काय काय आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. बाई, जुगार, बुवाबाजी, सगळं येऊन गेलं. पासष्टी उलटलेला माणूस वर्षभर घरी एक सांगतो, मित्राला दुसरंच सांगतो... ज्याच्या शब्दावर मी डोळे मिटून प्रेशर वाढवत आलो, तो माणूस खोटं बोलत होता. पुढचे पंधरा-वीस दिवस हे मला त्याच्या मरणापेक्षा जास्त खुपत होतं, हे कबूल करतो.

मग एका सकाळी चाळिशीची एक बाई माझ्या फाटकाशी येऊन उभी राहिली. नाव मंगल. कोल्हारपासून थोड्या अंतरावर, मनमाड रस्त्यालगत एक छोटी डेअरी आहे, तिथे ती कामाला. म्हणाली, "चाचा म्हनले हुते, मला काय झालं तर जगन्नाथकाकाकडं जा." आणि एकदम रडायलाच लागली. "काका, मी रोज त्यांचं नाव लिव्हतीय वहीत. मला न्हाई लिव्हायचं आता." मला काही उलगडेना. चप्पल पायात सरकवली आणि तिच्याबरोबर निघालो.

डेअरीच्या मागच्या शेडमध्ये बॉयलर धगधगत होता. लहानसाच, लाकडावरचा. आणि शेजारच्या भिंतीवर, काचेच्या चौकटीत, इसाकचा दाखला. फोटोतला इसाक तिशीचा, केसांचा कोंबडा काढलेला. खाली पाटी, 'प्रभारी बॉयलर अटेंडंट : शेख इसाक'. ज्या माणसावर मी स्वतः माती टाकली होती, तो इथे ड्युटीवर होता. मी ती पाटी दोनदा वाचली. आणि लगेच मागोमाग संताप आला. मला नाही म्हणालास! माझी मेहुण्यापुढे नाचक्की केलीस, कायदा शिकवलास, आणि इथे एका दूधवाल्याच्या भिंतीवर खुशाल कागद टांगलास? मी ते सगळं मोठ्याने बोललो असणार, कारण मंगल मध्येच म्हणाली, "कागद न्हाई ओ काका. ते सोता यायचे."

तिने लॉगबुक पुढे केलं. चौदा महिन्यांची पानं, आणि पानापानावर इसाकचं ते मुंग्यांसारखं अक्षर. सहा वाजता पेटवला, पाणी इतकं, प्रेशर इतकं, दहा वाजता बंद. "एक दिवस चुकले न्हाईत. ईदला बी नमाज पडून आलते," मंगल म्हणाली. ती तिथे कॅन धुणारी. दहावीनंतर तिचं शिक्षण राहून गेलेलं, इसाकने तिला बॉयलरशी उभं केलं, परीक्षेला बसवलं. लेखीत ती पास झाली. तोंडीला साहेबांसमोर दोनदा गेली आणि दोन्ही वेळा तोंडातून शब्द फुटला नाही. "येतं समदं, पर त्ये तिघं बसले की घसाच सुकतो." तिसरी खेप पुढच्या महिन्यात आहे. मी विचारलं, एवढं चांगलं काम, मग माझ्यापासून लपवलं कशाला? ती खाली बघत म्हणाली, "म्हनायचे, जगन्याला सांगू नको. लाँड्रीला न्हाई म्हनलो हुतो, त्याला लई लागंल."

मी तिथल्या लाकडाच्या ढिगावर बसलो. त्या दिवशी मी त्याला फक्त कागद मागितला होता. "इसाक, तू ये, चार तास बसत जा," असं मी म्हटलंच नव्हतं. म्हटलं असतं तर तो रोज शिर्डीला आला असता, मला खात्री आहे. हे मला इतक्या वर्षांत एकदाही सुचलं नाही, आणि तो बिचारा मला वाईट वाटू नये म्हणून मुलीशी सुद्धा खोटं बोलत राहिला. मला रडू आलं. मंगलसमोरच आलं, आणि मी ते आवरलंही नाही.

लॉगबुकातली शेवटची पानं मात्र मंगलच्या गोल अक्षरात होती. तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून, रोज, 'प्रभारी : शेख इसाक'. तेवढ्यात मालक आले. माणूस वाईट नाही. म्हणाले, "काका, दुसरा माणूस शोधतोय. बाई पास होईपर्यंत नाव राहू दे की. काम तर ती चाचांसारखंच करते." मी मंगलला म्हणालो, "जाळ काढ." मालक म्हणाले, दूध आलंय, टाकी भरली आहे. मी म्हणालो, "जाळ काढ, मंगल." तिने मालकाकडे बघितलं नाही, लाकडं ओढली. त्या दिवशी त्यांना दूध दुसऱ्या डेअरीत धाडावं लागलं. मालक चिडले, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी पावणेसहाला मी माझा दाखला पिशवीत घालून हजर झालो. कुरकुरणारे गुडघे घेऊन. इसाकचा दाखला उतरवून नसरीनसाठी वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला. मंगलने लिहिलेल्या त्याच्या नावाच्या सगळ्या ओळी मी एकेक करून खोडल्या, प्रत्येकीवर सही केली. मग नवं पान काढलं. बॉयलरवरचा माणूस बदलला की लॉगबुकात दोन सह्या लागतात. डावीकडे ताबा देणाऱ्याची, उजवीकडे घेणाऱ्याची. देणाऱ्याने सही केल्याशिवाय जागेवरून हलायचं नाही, ही आमची जन्मभराची शिस्त. मी उजवीकडे सही केली आणि पेनाला टोपण लावलं. मंगल माझ्या खांद्यावरून बघत होती. तिने डावीकडच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"काका, हितं कोन सही करनार?"

काचेत पाणी बरोबर अर्ध्यावर होतं. ते मी पुन्हा एकदा बघितलं, विनाकारणच. मग तिला म्हणालो, राहू दे तसंच, जाळ पेटव. आता मी रोज सकाळी सहाला तिथे असतो, मंगलला साहेबासारखे प्रश्न विचारतो, आणि वही उघडली की ते पान लागतंच. उद्या तपासणीला कोणी आलं आणि ही सही कुठे आहे असं विचारलं, तर काय सांगायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.