मधू नक्की काय वाजवतो?

आमच्या जुन्या ऑर्केस्ट्रातले आम्ही चौघं अजूनही महिन्यातून एकदा माझ्या घरी जमतो. मधूचा विषय कोणी काढला की दुसरा मध्येच तोडतो, "छे, तसं नव्हतं झालं," आणि त्यातून वेगळाच किस्सा निघतो. हे इतके साठलेत की त्यातलं मी काय पाहिलं आणि काय नुसतं ऐकलं, हे मलाही आता सांगता येत नाही. मधू समोरच बसलेला असतो. पण त्याला विचारून उपयोग नाही. तो आमच्यापेक्षा जास्त गोंधळलेला असतो.

*

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं. मधूचे वडील नोकरीसाठी साताऱ्याहून पनवेलला आलेले, आणि मी दिवसा कचेरीत कारकून, संध्याकाळी की-बोर्डवर. ऑर्केस्ट्रात गिटारवाले दोन झाले, म्हणून मधूच्या हातात बेस गिटार दिली, गाण्याच्या तळाशी नुसती घुमणारी. कारण काय, तर त्याची बोटं लांब आहेत.

पहिल्या कार्यक्रमाला त्याची आई पुढच्या रांगेत बसली होती. तीन तास हलली नाही. घरी जाताना म्हणाली, "छान झालं हो. पण मधू, तू कधी वाजवलंस?"

"सगळ्या गाण्यांत होतो, आई."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. तिचा विश्वास बसला नाही.

*

मग त्याला मुंबईच्या एका हॉटेलात जॅझ वाजवायला बोलावलं. बँड म्हाताऱ्या आल्फीसाहेबांचा, ते सॅक्सोफोन वाजवायचे. मधूने जॅझ तोवर फक्त रेडिओवर ऐकलेलं, तेही चुकून.

दुसऱ्याच गाण्यात आल्फीसाहेब वळून ओरडले, "वॉक, मॅन, वॉक!"

जॅझमध्ये बेसवाला एकेक सूर पावलं टाकल्यासारखा सरळ वाजवत जातो, त्याला 'वॉक' म्हणतात. हे मधूला कोणी सांगितलंच नव्हतं. त्याने वायर काढली, लोकांना नमस्कार केला आणि किचनमधून मागच्या दाराने बाहेर पडला.

ड्रमवाला शोधत आला तेव्हा हा पायरीवर बसला होता. "अरे, इथे काय करतोस?"

"त्यांनीच जा म्हणून सांगितलं. नक्की काय चुकलं ते तरी विचारून ये."

आल्फीसाहेबांनी पुढे सहा वर्षं त्याला सोडलं नाही. फक्त तो शब्द पुन्हा उच्चारला नाही. नुसता पाय आपटायचे.

*

मधू नाही म्हणत नसे. रविवारी चर्चमध्ये वाजवायचा, गुरुवारी कव्वालीच्या पार्टीबरोबर, लग्नसराईत हळदीला. चर्चच्या फादरना त्याचं नाव मॅथ्यू असं ऐकू आलं. मधूला वाटलं, त्यांचा उच्चार तसा असेल. कव्वालीवाल्यांनी त्याचा महमूद कधी केला ते आम्हाला कळलंच नाही.

एका डिसेंबरात पोस्टमन दोन पाकिटं घेऊन दारात उभा. "काकू, या पत्त्यावर मॅथ्यू आणि महमूद कोण राहतात?"

आईने हात पुढे केला. "द्या इकडे. दोघंही आत झोपलेत."

*

नव्वदनंतर मधू सिनेमाच्या रेकॉर्डिंगला जायला लागला आणि त्याचं लग्न ठरायची वेळ आली. मुलीच्या वडिलांनी साधाच प्रश्न विचारला, "तुम्ही वाजवलेलं गाणं कुठलं?"

मधूला ते माहीतच नव्हतं. स्टुडिओत कागदावर सूर लिहून द्यायचे, हा वाजवून यायचा. गायक नंतर गाणार, सिनेमाचं नाव कोणी सांगत नसे. शेवटी आम्ही त्या गृहस्थांना घेऊन एसटी स्टँडजवळच्या कॅसेटच्या दुकानात गेलो. दुकानदार एकेक कॅसेट लावत होता.

तिसऱ्या गाण्याला मधू म्हणाला, "हे माझं." थोडं ऐकून म्हणाला, "नाही. मी असं वाजवत नाही." मग, "पण वाजवलं असेलही."

सातव्या गाण्याला तो ताडकन उठला. "थांबवा. दुसऱ्या कडव्यात एक सूर चुकलाय. तो माझा."

वडिलांनी ते कडवं तीनदा मागे घेऊन ऐकलं. घरी गेले आणि बायकोला म्हणाले, "मुलगा बरा आहे. पण काय करतो ते विचारू नकोस."

लग्न झालं.

*

कोळ्यांच्या करंजा गावी मात्र मी स्वतः होतो.

त्याआधी एका गाण्याच्या रेकॉर्डिंगला संगीतकाराने मधूला सांगितलं होतं, "सुरुवातीला तुझ्या मनाने काहीतरी टाक." मधूने उभ्या उभ्या बारा सुरांची एक ओळ बसवली. इतक्या वर्षांत त्याची स्वतःची म्हणावी अशी ती पहिलीच. दुसऱ्या दिवशी तो माझ्या कचेरीत आला आणि ती ओळ गुणगुणत माझ्या टेबलावर बोटांनी वाजवून दाखवली. दोनदा. साहेब बघत होते, तरी.

पण तो सिनेमा बंद पडला. कॅसेट निघालीच नाही, टेपचं काय झालं कोणाला ठाऊक नाही. मधूने तो विषय पुन्हा काढला नाही. आम्हीही नाही.

वर्षभराने करंजाला हळदीचा कार्यक्रम होता. दुपारी आम्ही दोघं बंदरावर सुकी मासळी घ्यायला गेलो. एक म्हातारी सुकट निवडत बसली होती आणि तोंडातल्या तोंडात काही गुणगुणत होती. मी पुढे गेलो. मधूने मागून दंड धरला. "ऐक."

मी ऐकलं. तीच ओळ. बारा सूर. शेवटचा सूर मधू जरा लांबवायचा, तो तिनेही लांबवला.

मधू तिच्यासमोर उकिडवा बसला. "आजी, हे कुठे ऐकलंत?"

ती सुकट निवडतच राहिली. तेव्हा त्याने ती ओळ स्वतः गुणगुणून दाखवली, अगदी शेवटपर्यंत. तिचे हात थांबले. तिने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"ते आमच्या घरातलं हाय," ती म्हणाली. "माजी आय पोरांना निजवताना म्हनायची. तुला कुठनं गावलं?"